आम्ल, विम्ल आणि जमिनीचा सामू

माती परीक्षणाचा अहवाल शेतकऱ्याच्या हाती पडतो तेव्हा त्यातील नत्र, स्फुरद व पालाश यांच्या आकड्यांकडे त्याचे लक्ष चटकन जाते. सामूचा आकडा मात्र बहुधा वाचून सोडून दिला जातो. ‘सामू ८.९’ यावरून काय करावयाचे हे कोणी समजावून सांगितलेले नसते. वस्तुतः जमिनीला चुनखडी घालावयाची की जिप्सम, की यांपैकी काहीच नाही, याचा निर्णय प्रथम याच आकड्यावरून सुरू होतो. चुनखडीची भुकटी आणि जिप्समची भुकटी दिसावयास सारख्याच पांढऱ्या. परंतु एक कोकणातील जांभ्या जमिनीचे औषध, तर दुसरी देशावरील चोपण जमिनीचे. चोपण रानात चुनखडी टाकली तर पैसा व मजुरी वाया जातेच, शिवाय एक हंगाम हातचा जातो. म्हणून हा आकडा काय आहे, तो कसा मोजतात आणि त्यावर कितपत विसंबावे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याला नीट ठाऊक असले पाहिजे.

आंबट आणि तुरट

लिंबू, चिंच, ताक हे पदार्थ आंबट लागतात ते त्यांतील आम्लांमुळे. चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा, पापडखार, राखेचे पाणी हे पदार्थ बोटाला बुळबुळीत लागतात व त्यांची चव तुरट-खारट असते. ते आम्लाच्या उलट गुणाचे आहेत. शालेय पुस्तकांत त्यांना आम्लारी किंवा अल्क म्हणतात. शेतीच्या लिखाणात ‘विम्ल’ हा शब्द रूढ आहे. आम्ल आणि विम्ल योग्य प्रमाणात एकत्र आले म्हणजे दोघेही आपापला गुण सोडतात आणि क्षार व पाणी तयार होते. यालाच उदासिनीकरण म्हणतात.

या दोन गुणांची ओळख रंगावरून पटते, हे महाराष्ट्रातील प्रत्येक घरात ठाऊक आहे. फक्त त्याला रसायनशास्त्र म्हणण्याची पद्धत नाही. हळदीचा डाग पडलेल्या पांढऱ्या कपड्यास साबण लावला की डाग तांबडा होतो. हळदीला चुना किंवा पापडखार लागला की ती लाल होते, आणि कुंकू करण्याची जुनी रीत यावरच आधारलेली आहे. त्याच लाल डागावर लिंबू पिळले तर पिवळा रंग परत येतो. शाळेतील लिटमसचा कागद हेच काम करतो. तो दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतींपासून काढलेल्या रंगाने रंगविलेला असतो. आम्लात निळ्याचा तांबडा आणि विम्लात तांबड्याचा निळा होतो. अशा रंगद्रव्यांना दर्शक म्हणतात.

परंतु लिटमस फक्त ‘आम्ल की विम्ल’ एवढेच सांगतो. किती, ते सांगत नाही. त्याचा रंगबदल ५ ते ८ या सामूच्या दरम्यान सावकाश होतो. बहुतेक पिकाऊ जमिनी नेमक्या याच पट्ट्यात वा त्याच्या आसपास असल्याने मातीच्या कामी तो फारसा उपयोगी पडत नाही.

सामू म्हणजे काय

पाण्यात आम्ल विरघळले म्हणजे त्यातून हायड्रोजनचे विद्युत्‌भारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. हे कण जितके अधिक तितकी आम्लता अधिक. त्यांचे प्रमाण लिहावयाचे तर दशांश चिन्हापुढे अनेक शून्ये मांडावी लागतात. ही अडचण डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली दूर केली. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करीत असता त्यांनी शून्यांच्या रांगेऐवजी एकच लहान आकडा वापरण्याची पद्धत सुचविली. तोच सामू होय. हे मोजमाप साधारणपणे ० ते १४ असे धरतात. शुद्ध पाण्याचा सामू ७, म्हणजे उदासीन. ७ च्या खाली आम्ल आणि ७ च्या वर विम्ल. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ च्या आसपास, दह्याचा ४ ते ४.५, ताज्या दुधाचा ६.६ च्या जवळपास आणि चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर असतो.

या आकड्यात एक खोच आहे व ती ध्यानात न घेतल्याने पुष्कळ घोटाळा होतो. सामू एकाने उतरला की आम्लता दुप्पट नव्हे, तर दसपट होते. सामू ५ असलेल्या मातीच्या द्रावणात ६ सामूच्या मातीपेक्षा हायड्रोजनचे आयन दसपट आणि ७ च्या तुलनेने शंभरपट असतात. म्हणून ‘८.२ आणि ९.२ यांत फरक तो काय’ असे म्हणून चालत नाही. तसेच दोन नमुन्यांच्या सामूंची बेरीज करून निम्मे करणे, हेही शास्त्राला धरून नाही.

मोजणी

प्रयोगशाळेत सामू मोजण्यासाठी सामू-मापक यंत्र वापरतात. त्याची हकीकत शेतीशी निगडित आहे. कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय फळांच्या बागायतदारांच्या संघास लिंबाच्या रसाची आम्लता अचूक मोजावयाची होती. त्या गरजेतून अर्नोल्ड बेकमन यांनी १९३४ साली काचेच्या विद्युद्‌ग्रावर चालणारे सुटसुटीत यंत्र तयार केले. आजच्या यंत्रांचे तत्त्व तेच आहे. काचेच्या पातळ फुग्याच्या आत व बाहेर हायड्रोजन आयनांचे प्रमाण निराळे असले म्हणजे विजेचा अल्प दाब निर्माण होतो व यंत्र तो सामूच्या आकड्यात दाखविते.

मातीचा नमुना सावलीत वाळवून, ढेकळे फोडून, २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळून घेतात. २० ग्रॅम मातीत ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालून अर्धा तासपर्यंत मधून मधून ढवळतात व वाचनाच्या वेळी पुन्हा ढवळून विद्युद्‌ग्र त्यात बुडवितात. माती एक भाग व पाणी अडीच भाग, हे प्रमाण मनास येईल तसे बदलू नये. पाणी वाढविले की सामान्यतः सामूचा आकडाही वर सरकतो. यंत्र दररोज प्रमाणित द्रावणांवर जुळवून घ्यावे लागते. प्रथम ७ सामूचे द्रावण घ्यावे, नंतर आम्ल मातीसाठी ४ चे किंवा विम्ल मातीसाठी ९.२ चे. दोन नमुन्यांच्या मध्ये विद्युद्‌ग्र धुऊन हलकेच टिपावा, घासू नये. काम संपल्यावर तो कोरडा ठेवू नये आणि नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यातही ठेवू नये. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण असते.

हल्ली खिशात मावणारी यंत्रे अल्प किमतीत मिळतात आणि काही तरुण शेतकरी ती वापरतात, ही चांगली गोष्ट आहे. परंतु दोन चुका वारंवार आढळतात. एक म्हणजे यंत्र एकदाही प्रमाणित द्रावणावर न जुळविता वर्षभर वापरणे. दुसरी, ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी विहिरीचे पाणी घेणे. देशावरील विहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेटे पुष्कळ असतात. मग मोजला जातो तो मातीचा सामू की विहिरीचा, हे सांगता येत नाही. शुद्ध पाणी नसेल तर स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी त्यापेक्षा कितीतरी बरे.

यंत्र कितीही चांगले असले तरी नमुना खोटा असेल तर आकडाही खोटाच येणार. नमुना बांधाजवळून, झाडाखालून, खताच्या ढिगाच्या जागेवरून किंवा पाटाच्या कडेने घेऊ नये. एका सारख्या रानातून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डे घेऊन त्यांच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने तासून घ्यावी, एकत्र मिसळावी, आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देत देत अर्धा किलो ठेवावी. रासायनिक खताच्या रिकाम्या पिशवीत नमुना भरणे ही चूक अजूनही सर्रास होते. रानाचा चोपण तुकडा व चांगला तुकडा यांचे नमुने कधीही एकत्र करू नयेत. दोहोंच्या मिश्रणाचा आकडा दोहोंपैकी एकाही तुकड्याच्या उपयोगी पडत नाही.

खारवट आणि चोपण यांतील भेद

महाराष्ट्रात सामूचा प्रश्न सर्वांत तीव्र आहे तो कालव्यांच्या व नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात. हा प्रश्न आजचा नाही. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी यांनी नीरा खोऱ्यातील खार जमिनींविषयीची पुस्तिका १९१० साली प्रसिद्ध केली होती. पाणी भरपूर, निचरा अपुरा आणि खाली भारी काळी माती, असे तिन्ही एकत्र आले की पाण्याची पातळी वर चढते, पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. सांगली जिल्ह्यात व कोल्हापूरच्या शिरोळ भागात हेच घडलेले आहे.

अशा बिघडलेल्या जमिनींना सरसकट ‘खराब रान’ म्हटले जाते. पण त्यांत दोन निरनिराळे रोग आहेत. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार फार असतात. उन्हाळ्यात पृष्ठभागावर पांढरा थर येतो, माती भुसभुशीत राहते आणि सामू बहुधा ८.५ च्या खालीच असतो. हा रोग सामूवरून ओळखता येत नाही. त्यासाठी विद्युत वाहकता पाहावी लागते. चोपण जमिनीत मातीच्या कणांनाच सोडियम चिकटून बसलेला असतो. सामू ८.५ च्या वर जातो. ओली असता माती चिकट व निसरडी, वाळली की दगडासारखी कठीण. पावसाचे पाणी तीन-तीन दिवस साचून राहते आणि खोदून पाहावे तर खाली माती कोरडीच. मातीतील सेंद्रिय द्रव्य विरघळून वर आल्याने कधी कधी काळपट तवंगही दिसतो.

८.५ हीच सीमा का, याचे उत्तर साध्या रसायनात आहे. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतातच. चुनखडी पाण्यात फार थोडी विरघळते, म्हणून तिच्यामुळे सामू ८.२ ते ८.४ पर्यंत जातो व तेथे थांबतो. आकडा त्याच्याही पुढे गेला तर तेथे सोडियमचे कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, काम करीत आहे असे समजावे. म्हणून ८.३ सामूच्या चुनखडीयुक्त रानात जिप्सम टाकण्याची घाई करू नये.

यंत्र जवळ नसता गावातच करता येईल अशी एक परीक्षा आहे. काचेच्या स्वच्छ बाटलीत मूठभर माती घालून ती पावसाच्या पाण्याने भरावी, चांगली हलवावी आणि एक दिवस स्थिर ठेवावी. खारवट मातीचे पाणी लवकर निवळते. चोपण मातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहते, कारण सोडियममुळे मातीचे कण एकमेकांपासून सुटे होऊन तरंगत राहतात. त्याच गढूळ बाटलीत चिमूटभर जिप्सम घालून हलविले तर कण गोळा होऊन खाली बसू लागतात. औषध काय करते हे शेतकऱ्याला पटविण्यास याहून चांगले प्रात्यक्षिक नाही. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे काही थेंब ओल्या मातीवर टाकले असता गुलाबी रंग आला तर तीही चोपणपणाची खूण होय. हे द्रव्य सुमारे ८.२ सामूपर्यंत रंगहीन असते.

जिप्सम हे स्वतः आम्ल नाही. तरीही ते सामू उतरविते, ते असे : जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणावरील सोडियमची जागा घेतो, आणि सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्यात उतरतो. मातीतील सोड्याचे कार्बोनेटही कॅल्शियमशी जुळून चुनखडीच्या रूपाने खाली बसते. आता हे सोडियम सल्फेट पाण्याबरोबर रानाबाहेर गेले पाहिजे. बाहेर जाण्यास वाट नसेल तर ते तेथेच राहते आणि खर्च फुकट जातो. म्हणून आधी चर, मग जिप्सम, मग पाणी, हा क्रम मोडू नये. जिप्सम किती टाकावे हे सामूवरून ठरवू नये, प्रयोगशाळेत काढलेल्या जिप्समच्या गरजेवरून ठरवावे. मात्रा मोठी असल्यास दोन-तीन वर्षांत विभागून द्यावी. शेणखत आणि धैंच्याचे हिरवळीचे खत यांची जोड दिल्यास काम अधिक लवकर होते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत गंधकही चालते. जमिनीतील सूक्ष्मजीव गंधकाचे गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल तेथल्याच चुनखडीवर क्रिया करून जिप्सम तयार करते. एक टन शुद्ध गंधक सुमारे साडेपाच टन जिप्समचे काम करते, परंतु त्यास ओलावा, ऊब आणि काही आठवडे द्यावे लागतात.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. काही जमिनी खारवट व चोपण अशा दोन्ही असतात. त्यांत क्षार पुष्कळ असल्याने मातीचे कण गोळा राहतात, सामूही बेताचा दिसतो, आणि शेतकऱ्यास वाटते की पाणी देऊन क्षार धुऊन काढले म्हणजे झाले. क्षार धुतले जातात खरे. पण कणांना चिकटलेला सोडियम मागेच राहतो. दोन-चार पाण्यांनंतर सामू एकदम चढतो, माती मिटते, पाणी मुरेनासे होते. पूर्वी निदान थोडेफार पीक येत असे, ते रान आता निव्वळ चोपण होऊन बसते. अशा ठिकाणी धुणे सुरू करण्यापूर्वीच जिप्सम मातीत मिसळलेले असावे.

आम्ल जमिनी

सह्याद्रीच्या पश्चिमेस, कोकणात आणि गोव्यात, चित्र उलटे आहे. तेथील मुसळधार पाऊस हजारो वर्षे जमिनीतील चुना व इतर विम्ल द्रव्ये धुऊन नेत आला आहे. मागे उरतात ती लोहाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. जांभ्या जमिनीचा सामू म्हणूनच ७ च्या बराच खाली असतो. तो ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळू लागून मुळांच्या टोकांना इजा करते, घातलेले स्फुरद लोहाशी व ॲल्युमिनियमशी जखडून पडते आणि कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू दुर्बळ होतात.

भात मात्र अशा जमिनीत बऱ्यापैकी येतो, याचे कारण खाचरातील पाण्यात आहे. पाण्याखाली हवा मिळेनाशी झाली म्हणजे मातीतील लोहाच्या ऑक्साइडांवर जी क्रिया होते तीत आम्लता खर्च होते, आणि काही आठवड्यांत सामू आपोआप ७ कडे सरकतो. म्हणून चुनखडीचा खर्च खाचराऐवजी भुईमूग, कडधान्ये व भाजीपाला यांच्या रानात करणे अधिक शहाणपणाचे.

चुनखडी किती घालावयाची हेही केवळ सामूवरून ठरत नाही. यंत्र मोजते ती मातीच्या पाण्यात मोकळी असलेली आम्लता. तिच्या कितीतरी पट आम्लता मातीच्या कणांवर दबा धरून असते व मोकळी आम्लता संपताच बाहेर पडते. तांब्यातील आणि रांजणातील पाणी हाताला सारखेच गार लागले तरी तापविण्यास जळण सारखे लागत नाही. तसेच रेताड आणि चिकण मातीचे आहे. दोन्हींचा सामू ५.३ असला तरी चिकण मातीस चुना पुष्कळ अधिक लागतो. प्रयोगशाळा यासाठी निराळी परीक्षा करून ‘चुन्याची गरज’ सांगते. कोणता चुना, यानेही मात्रा बदलते : १०० किलो शुद्ध चुनखडीचे काम ७४ किलो विरीच्या चुन्याने किंवा ५६ किलो कळीच्या चुन्याने होते. चुना आणि अमोनियम सल्फेट एकाच वेळी कधीही टाकू नये. नाकाला झोंबणारा वास येतो तो पैसे देऊन घेतलेला नत्र हवेत जात असल्याचा होय. अमोनियम सल्फेटचा सतत वापर स्वतःच जमीन आम्ल करतो. १०० किलो अमोनियम सल्फेटने निर्माण होणारी आम्लता मारण्यास सुमारे ११० किलो चुनखडी लागते. देशावरील चुनखडीच्या रानात हा दोष नसून उलट थोडा गुणच ठरतो.

आकड्यावरून पीक

बहुतेक पिकांना ६.५ ते ७.५ हा सामू मानवतो. ८ च्या पुढे लोह व जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत. उसाची व भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, त्यास शेतकरी केवडा म्हणतात. बाजरीवरील बुरशीच्या रोगासही हेच नाव असल्याने कार्यकर्त्याने नावावर न जाता पान पाहूनच सल्ला द्यावा. लोहाच्या कमतरतेवर हिराकस जमिनीत नुसता टाकला तर तो चुनखडीमुळे लवकरच निरुपयोगी होतो. तो शेणखतात मुरवून द्यावा किंवा अर्धा टक्का द्रावण पानांवर फवारावे.

बोर्डो मिश्रणाची परीक्षा

आम्ल-विम्लाची मोजणी केवळ मातीपुरती नाही. सुपारीच्या कोळेरोगावर कोकणात फवारले जाणारे बोर्डो मिश्रण म्हणजे उदासिनीकरणाचाच प्रयोग. मोरचुदाचे द्रावण आम्ल असते, चुन्याची निवळ विम्ल. एक टक्क्याच्या मिश्रणास १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १०० लिटर पाणी लागते. दोन्ही द्रावणे लोखंडी भांड्यात न करता निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या वा मातीच्या भांड्यांत करून तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतीत ढवळावी. चुना जुना, हवेने मेलेला असेल तर १ किलो पुरत नाही आणि मिश्रण आम्ल राहून पाने करपतात. म्हणून फवारणीपूर्वी निळा लिटमस बुडवून पाहावा. तो तांबडा होता कामा नये. लिटमस नसेल तर घासून लख्ख केलेला विळा किंवा खिळा मिनिटभर बुडवावा. त्यावर तांब्याचा तांबूस थर चढला तर चुन्याची निवळ आणखी घालावी आणि थर चढेनासा होईपर्यंत परीक्षा पुन्हा पुन्हा करावी. तयार मिश्रण त्याच दिवशी वापरून संपवावे.

केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू केलेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत ज्या बारा गोष्टींची नोंद असते त्यांत सामू व विद्युत वाहकता या दोन्ही आहेत. गावपातळीवरील कार्यकर्त्याने पत्रिका वाटताना हे दोन आकडे एकत्र वाचून दाखवावेत : सामू ८.५ च्या आत आणि वाहकता जास्त असेल तर निचऱ्याकडे व पाण्याकडे पाहावे, सामू ८.५ च्या वर असेल तर जिप्समची गरज काढण्यासाठी नमुना पुन्हा प्रयोगशाळेकडे पाठवावा, ५.५ च्या खाली असेल तर चुन्याची गरज काढून घ्यावी. उपचार केलेल्या रानातून पुढील वर्षी त्याच जागचा, त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून घेतलेला नमुना तपासावा आणि दोन्ही पत्रिका एकत्र जपून ठेवाव्यात.